पं. विष्णु दिगंबर आणि डोळ्यांची राखण

ऑगस्ट महिन्याचा तिसरा आठवडा आला की गाणे शिकविणाऱ्या घरांत एका पुरुषाची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. १८ ऑगस्ट हा गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्मदिवस आणि २१ ऑगस्ट ही त्यांची पुण्यतिथी. दोहोंमध्ये अवघे तीन दिवस. आमच्या वर्गात या दिवसांत तसबिरीला हार घालतात, लहान मुले एकेक भजन म्हणतात, पेढे वाटले जातात आणि मंडळी घरोघर जातात. मीही वर्षानुवर्षे एवढेच करीत आलो. परंतु गेल्या वर्षी माझ्यावर जो एक लहानसा प्रसंग ओढवला, त्यापासून पंडितजींचे चरित्र मला निराळ्या बाजूने दिसू लागले आहे. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. ते उत्तम झाले. पण भुलीतून जागा झालो तो पोटापेक्षा उजवा डोळाच अधिक ठणकत होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटे, पाणी थांबेना, खिडकीचा उजेड सुईसारखा टोचे. नेत्रवैद्यांनी पाहून सांगितले की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा उठला आहे. मनुष्य झोपतो तेव्हा पापण्या आपोआप मिटतात. भुलीची झोप तशी नसते. तीत पुष्कळांच्या पापण्या किंचित उघड्या राहतात, डोळ्यांतले पाणी कमी होते आणि काही लागले तर डोळा मिटून घेण्याची उपजत सवयही निजलेली असते. मग तो नाजूक पडदा सुकतो, आणि मुखवट्याची कड, कुणाचे बोट किंवा चादरीचा कोपरा एवढ्यानेही त्यावर ओरखडा पडतो. कधी कधी जागा होता होता रोगी स्वतःच डोळा चोळतो, आणि त्याच बोटाला नाडी पाहण्याचा चिमटा लावलेला असतो!

तीन दिवस मी पडदे ओढून बसून होतो. वाचणे नाही, लिहिणे नाही, वर्ग नाही. पोराने तंबोरा लावून दिला तेवढाच सोबतीला. तीन दिवसांनी माझा डोळा पूर्ववत झाला. पण त्या अंधाऱ्या खोलीत एकच विचार पुन्हा पुन्हा येई. ज्या मुलाचा अंधार तीन दिवसांनी सरला नाही, त्याने काय केले असेल?

कुरुंदवाडचा मुलगा

विष्णूचा जन्म १८७२ साली कृष्णाकाठच्या कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. त्यामुळे टाळ, मृदंग, अभंग आणि आख्याने यांचे संस्कार मुलावर पाळण्यापासूनच झाले. तरी त्या काळच्या चारचौघांप्रमाणे मुलाने शाळा शिकून चांगल्या नोकरीस लागावे, हीच घरची अपेक्षा असणार. गवई होणे हे तेव्हा मानाचे लक्षण नव्हते.

कुरुंदवाडच्या शेजारीच नरसोबाची वाडी. त्या मुलखात दत्तजयंतीचा उत्सव म्हणजे दिवाळीच. अशाच एका दत्तजयंतीच्या उत्सवात विष्णूच्या तोंडाजवळ दारूकामाचा स्फोट झाला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गाव लहान, डोळ्यांवर ताबडतोब उपचार करील असे तेथे कोणी नव्हते. मुलाची दृष्टी गेली. पुष्कळ दिवसांच्या उपचारांनंतर ती काही अंशी परतली खरी, पण शाळेचा मार्ग तेथेच खुंटला.

त्या काळाची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली सिद्ध केले होते. क्लोरोफॉर्मची भूल १८४७ पासून ठाऊक होती. डोळ्यापुरती जागा बधिर करणारा कोकेनचा थेंब व्हिएन्नाच्या कोलर यांना सापडला तो १८८४ साली, म्हणजे विष्णू बारा वर्षांचा असताना. विद्या जगात होती; कुरुंदवाडला नव्हती. डोळ्याच्या इजेत पहिले काही तासच मोलाचे असतात आणि तेच हातचे गेले. मिरजेस डॉ. वॉनलेस यांचे इस्पितळ उभे राहिले १८९४ साली. पुढे लांबलांबची माणसे मोतीबिंदू काढून घेण्यास तेथे येऊ लागली आणि मिरज हे वैद्यकाचे गाव म्हणून नावारूपास आले. पण विष्णूला त्याचा उपयोग नव्हता. दहा वर्षे आणि सातआठ कोस एवढ्या अंतराने एका मुलाची दृष्टी हुकली!

मिरज आणि धार

विष्णू मिरजेस आला तो डोळ्यांच्या दुखण्यामुळे आणि राहिला तो गाण्यामुळे. ज्याच्या डोळ्यांवर भरवसा नाही त्याने कानांचा धंदा करावा, असा विचार पुढे आला आणि मिरजेच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने त्याची तालीम पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे सुरू झाली. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे बाळकृष्णबुवा.

येथे आपल्या धारकरांनी जरा कान टवकारावेत. विद्येसाठी वणवण करीत असताना बाळकृष्णबुवा धारेस आले होते आणि देवजीबुवा परांजपे यांच्यापाशी त्यांनी येथेच तालीम घेतली. त्यानंतर ते ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे गेले. म्हणजे पलुसकरांच्या गळ्यातून जे गाणे पुढे सगळ्या हिंदुस्थानभर गेले, त्यातली एक धार आपल्या धारेची आहे. देवजीबुवांचे नाव आज गावात किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पण गुरूच्या गुरूचे ऋण विसरू नये, म्हणून येथे नोंद केली.

त्या काळची तालीम म्हणजे आधी सेवा आणि मग विद्या. कागदावर काही उतरवून घ्यावयाचे नाही. गुरू गाईल ते ऐकावयाचे, मनात धरावयाचे आणि तंबोऱ्याशी शेकडो वेळा घोटावयाचे. डोळस मुलाला जे कष्टाचे वाटे, ते अधू डोळ्यांच्या विष्णूला एका अर्थी सोपे गेले असेल, कारण त्याला दुसरी वाटच नव्हती. सुमारे बारा वर्षे त्याने ही तालीम घेतली. १८९६ च्या सुमारास गुरुशिष्यांत बेबनाव झाला आणि चोविशीतला विष्णू दिगंबर मिरज सोडून निघाला.

दरबाराबाहेर

बडोदे, ग्वाल्हेर अशी गाण्याची ठिकाणे त्यांनी पाहिली. राजेरजवाड्यांपुढे गाणे झाले, बिदाग्या मिळाल्या. एखाद्या दरबारात कायमची चाकरी पत्करून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण दरबारात गवयाची जागा कुठे असते हे त्यांनी जवळून पाहिले होते. गाणे आवडे, गवई मात्र हुजऱ्यांच्या पंगतीत बसे. सौराष्ट्रात त्यांनी दरबाराचा आसरा न घेता जाहीर मैफल केली. ज्याला ऐकावयाचे असेल त्याने यावे आणि ऐकावे! आज यात विशेष काही वाटत नाही. त्या काळी ही मोठीच उलथापालथ होती.

मी दरबारी गवयाचा मुलगा. आमच्या घरात राजवाड्याचे अन्न खाल्ले गेले आहे आणि त्याविषयी कृतघ्नपणे बोलणे मला जमणार नाही. धार-देवासच्या पवारांनी, इंदूरच्या होळकरांनी आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी कलावंतांना पोसले नसते, तर पलुसकरांना गाणे शिकविणारे गुरू तरी कुठून आले असते? पण हेही तितकेच खरे, की संस्थाने गेली तेव्हा ज्या गवयांपाशी दरबाराखेरीज काही नव्हते, त्यांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत झाली; आणि ज्यांनी चार विद्यार्थी बसविण्याची रीत उचलली होती, ते तगले. आज मी शिकवणीवर पोट भरतो. ती वाट विष्णु दिगंबरांनी पन्नास वर्षे आधी पाडून ठेवली होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोण्या राजाच्या देणगीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींवर ते चालावयाचे. ठराविक वेळ, ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र, अशी शिस्त गाण्याला लागली. कुलीन घरांतली मुलेच नव्हेत, तर मुलीही उजळ माथ्याने गाणे शिकू लागल्या. जे विद्यार्थी पुढे शिक्षक व्हावयाचे, त्यांना विद्यालयातच ठेवून घेऊन त्यांच्या जेवण्याखाण्याची सोयही ते पाहत. १९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय काढले आणि तेथे या कार्याला मोठा विस्तार आला.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ज्या मनुष्याच्या डोळ्यांनी लहानपणीच दगा दिला, त्यानेच आमचे गाणे डोळ्यांना दिसेल असे केले. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसविली, विद्यालयाचाच छापखाना घातला आणि मुलांच्या हाती छापील क्रमिक पुस्तके दिली. स्वतः मात्र ते सगळे शिकले होते कानांनी. बहुधा म्हणूनच त्यांना ठाऊक होते, की केवळ एका माणसाच्या स्मरणावर विसंबलेली विद्या त्या माणसाबरोबर जाते.

काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात गायनास हरकत घेतली गेली असताही त्यांनी ते गीत पुरे करूनच स्थान सोडले. रघुपति राघव या रामधुनीची घरोघर पोहोचलेली चालही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अखेरचे दिवस

मुंबईच्या इमारतीपायी मोठे कर्ज झाले होते. पंडितजी गावोगाव गाऊन ते फेडीत होते, पण गणित जुळले नाही. १९२४ साली सावकारांनी मिळकत लिलावात काढली. ज्या वास्तूसाठी आयुष्य वेचले ती डोळ्यांदेखत गेली. दुसरा कोणी खचला असता. ते नाशिकास गेले, रामनामाचा आश्रम काढला आणि थोडक्या शिष्यांना घेऊन पुन्हा शिकवू लागले.

घरचे दुःख याहून मोठे होते. बारा अपत्यांपैकी एकच जगले. तो मुलगा दत्तात्रय. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे विनायकराव पटवर्धनांनी त्याला तयार केले. १९५२ च्या बैजू बावरा चित्रपटातली जी जुगलबंदी आपल्याकडच्या पानाच्या दुकानांतूनही वाजत असे, तीत एक आवाज इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा आणि दुसरा या दत्तात्रय विष्णु पलुसकरांचा. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

विष्णु दिगंबरांचे देहावसान २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस झाले. ज्या गावी अधू डोळे घेऊन मुलगा आला, त्याच गावी एकोणसाठाव्या वर्षी आयुष्याची सम पडली. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची उभारणी केली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सगळे त्यांचेच शिष्य. देवधर मास्तरांच्या मुंबईच्या शाळेत कुमार गंधर्व घडले आणि १९४८ साली क्षयाने ग्रासलेले फुप्फुस घेऊन ते हवापालटासाठी आपल्या देवासला आले व कायमचे देवासचे झाले. बाळकृष्णबुवांच्या पायांनी धारेहून गेलेली विद्या अशा रीतीने तीन पिढ्यांनी माळव्यात परत आली. दोन्ही वेळा वाटेत शरीराचे एक मोठे आजारपण उभे होते.

आपण काय करावे?

अशा चरित्राचा शेवट पुष्कळदा एका सोयीस्कर विचाराने करतात. डोळे गेले म्हणून संगीताचा लाभ झाला, देवाने एक घेऊन दुसरे दिले, असे म्हणतात. मला हा विचार आता पटेनासा झाला आहे. फटाक्याने डोळे गेलेल्या मुलांपैकी एक विष्णु दिगंबर होतो. बाकीच्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. पंडितजींचे मोठेपण त्यांच्या चिकाटीत आहे, त्या स्फोटात नाही. म्हणून त्यांना हार घालताना मुलांच्या डोळ्यांची राखणही शिकावी.

दिवाळीत मूल फटाक्यावर वाकणार नाही आणि न उडालेला फटाका पाहावयास परत जाणार नाही, एवढे वडीलधाऱ्यांनी समोर उभे राहून पाहावे. साधा जाडसर संरक्षक चष्मा घातला तर फार उत्तम. इतके करूनही इजा झालीच, तर डोळा चोळू नये, दाबू नये, धुऊ नये. आत रुतलेले काही ओढून काढू नये. तूप, मध, गुलाबपाणी, घरातले जुने मलम यांपैकी काहीही घालू नये. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याला न टेकेल असा वरून चिकटवावा आणि मुलाला तडक नेत्रवैद्याकडे न्यावे. भूल देऊन ऑपरेशन करावे लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेत खाऊपिऊ घालू नये. चुन्याची गोष्ट मात्र उलट आहे. पानाच्या डब्यातला किंवा पुडीतला चुना डोळ्यात उडाला तर क्षणही न दवडता निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि मगच दवाखान्याची वाट धरावी.

आणि कोणत्याही ऑपरेशनला जाणाऱ्यांनी माझ्या अनुभवावरून एवढे ध्यानात ठेवावे. काजळ, सुरमा, खोट्या पापण्या काढून ठेवाव्यात. डोळ्यात बसविण्याची भिंगे काढावीत. डोळे कोरडे पडत असतील, काचबिंदू असेल किंवा पूर्वी डोळ्याचे ऑपरेशन झालेले असेल, तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधीच सांगावे. भूल चढताच पापण्या हलक्या हाताने मिटवून त्यांवर चिकटपट्टी लावतात, हा त्यावरचा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. तो आपल्याबाबत होईल ना, हे विचारण्यात संकोच कसला? पालथे निजवून लांबचे ऑपरेशन व्हावयाचे असेल, तर डोळ्यांवर दाब पडू नये म्हणून अधिक दक्षता घ्यावी लागते, तीही विचारून घ्यावी. शुद्धीवर येताना डोळे चोळू नयेत. जवळ बसलेल्या नातेवाइकांनी तो हात धरावा. डोळा खुपू लागला तर तसे लगेच सांगावे. ओरखडा बहुधा औषधी थेंबांनी व मलमाने एकदोन दिवसांत भरून येतो. पण दिसणे कमी झाले, दुखणे वाढत गेले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर एक तासही थांबू नये. बधिर करणारे थेंब घरी आणून घालीत बसू नये. वेदना लपते आणि जखम भरण्यास उशीर होतो.

माझ्या डोळ्याच्या बाबतीत पट्टी लावण्यात कुणाची तरी नजरचूक झाली असावी. मी त्याची तक्रार केली नाही. इतर बाबतींत त्या मंडळींनी माझी सेवा मनापासून केली होती. पण निघताना मी त्यांना ती गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या खेपेस शेजारच्या मुलाला तेथे नेले तेव्हा त्याच्या पापण्यांवर पट्टी लावलेली मी दाराआडून पाहिली. तेवढ्याने समाधान झाले.

परवा २१ तारखेस आमच्या वर्गात नेहमीप्रमाणे भजन झाले. या खेपेस मी मुलांना पंडितजींच्या मैफलींची गोष्ट सांगितली नाही. दत्तजयंतीच्या त्या संध्याकाळची सांगितली. गोष्ट संपल्यावर एका सात वर्षांच्या मुलीने विचारले, की मग त्या मुलाला कोणी सांभाळले नव्हते का? मला उत्तर देता आले नाही. तंबोरा पुढे ओढून मी तिला सा लावावयास सांगितले.